तळीराम शोधण्याचा नाद

संगीत 'एकच प्याला' रंगभूमीवर आले त्यास २०१९ साली शंभर वर्षे पूर्ण झाली. राम गणेश गडकरी त्या वर्षीच्या जानेवारीतच निवर्तले आणि त्यांच्या मागे गंधर्व नाटक मंडळीने ते उभे केले. आपल्या सर्वांत गाजलेल्या नाटकाचा प्रयोग पाहणे नाटककाराच्या नशिबी नव्हते. माळव्यातील जुन्या मराठी घरांना या नाटकाविषयी जी आत्मीयता आहे तिचे वर्णन येथे करण्याचे कारण नाही. बालगंधर्वांची सिंधू पाहिलेली पिढी गेली. त्या पिढीकडून ऐकलेले सांगणारे धार व देवास येथे अजून भेटतात. आमचे म्हणणे एवढेच की, व्यसनाविषयी आपल्या समाजाला जे काही ठाऊक आहे ते बहुतांशी या एका नाटकातून आलेले आहे, आणि तेही अर्ध्याच नाटकातून.

नाटकातून आपण दोन माणसे उचलली. एक तळीराम आणि दुसरी सिंधू. घरातील मुलगा बिघडल्याचे कळले की पहिला प्रश्न ठरलेला असतो: कोणाच्या संगतीने? मग त्या संगतीचे आडनाव, मोहल्ला आणि जात यांचा तपास सुरू होतो व मुलगा बाजूलाच राहतो. वस्तुतः गडकऱ्यांचा तळीराम कोणी परका नाही. तो सुधाकराचाच कारकून आहे. आणि प्याला ओठाला लागतो तो कारकुनाच्या आग्रहाने जितका, तितकाच न्यायालयात झालेल्या अपमानाने आणि वकिलीची सनद काही काळ गेल्याच्या जळजळीने. इतके स्वच्छ लिहून ठेवलेले असता आपण शंभर वर्षे तळीरामच शोधत बसलो आहोत. हा शोध हेही एक व्यसनच म्हणावे लागेल. त्याने तात्पुरते बरे वाटते.

देवास येथील एका सुविद्य घरातील हकीकत आमच्या माहितीतली आहे. मुलगा एकोणीस वर्षांचा, स्पर्धा परीक्षेच्या शिकवणीसाठी इंदूरला भंवरकुआं भागात खोली घेऊन राहिलेला. शनिवार-रविवारी घरी येणारा. देवघरातील चांदीची वाटी नाहीशी झाली, पुढे फुलपात्र गेले. अकरा वर्षे धुणेभांडी करणाऱ्या बाईंना कामावरून काढले आणि सबंध वसाहतीत तसे सांगितलेही, त्यामुळे त्यांना दुसरीकडे काम मिळेना. त्यानंतर चार महिन्यांनी आजोबांच्या पेन्शनच्या खात्यातून पैसे निघाले तेव्हा कोठे उलगडा झाला. नातू दिवसभर झोपतो, आंघोळ टाळतो, जेवणावर बसत नाही, पोळ्या गुंडाळण्याची फॉइल आठवड्यात संपते, न्हाणीघरात अर्धा तास कडी लागलेली असते, हे सर्व घरातल्या प्रत्येकाने पाहिले होते. मुलगा गर्द ओढत होता. उपचार झाले, आज तो बरा आहे, याचा आम्हांस आनंद आहे. मात्र त्या बाईंच्या घरी जाऊन कोणी क्षमा मागितल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

या घरात लक्षणे दिसत नव्हती असे कोण म्हणेल? लक्षणे सर्वांना दिसत होती. त्यांना नाव द्यावयास कोणी धजत नव्हते. कारण आपल्याकडे व्यसन ओळखणे म्हणजे घराण्याची अब्रू घालवणे. जोपर्यंत ओळखले नाही तोपर्यंत ते नाही, असा हा विलक्षण न्याय आहे. मोतीबिंदू, मधुमेह, रक्तदाब यांची चर्चा आपण कोजागरीच्या दुधाबरोबर मोकळेपणाने करतो. मुलाच्या खोलीतल्या वासाविषयी मात्र सख्ख्या भावाजवळही बोलत नाही.

'आपल्यात हे नाही' हे वाक्य आम्ही धार येथे ऐकले, देवास येथे ऐकले आणि इंदूरला स्थायिक झालेल्या आपल्याच आप्तांकडूनही ऐकले. दारू ती पीथमपूरच्या मजुरांत, ताडी आणि महुआ ते पश्चिमेकडल्या आदिवासी पट्ट्यात, पावडर ती मोठ्या शहरातल्या श्रीमंतांच्या पोरांत. आपण मधले, आपण सुटलो! ज्यांना इतिहासाचा अभिमान आहे त्यांनी तरी असे बोलू नये. पवारांच्या सरंजामाबरोबर अठराव्या शतकात आपले पूर्वज ज्या माळव्यात आले त्या माळव्याची अफू एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून चीनला जात होती, आणि संस्थानांच्या जमाबंदीत त्या पिकाचा वाटा मोठा होता. त्या महसुलावर जे दरबार उभे होते त्या दरबारांचेच आपण कारकून, कमाविसदार आणि शास्त्री होतो. रडणारे मूल झोपावे म्हणून त्याला अफूची बारीक गोळी चाटवण्याची चाल त्या काळी घरोघरी होती. आजही मंदसौर आणि नीमच या जिल्ह्यांत सरकारी परवान्याने अफू पिकते, आणि नीमच येथे ती शुद्ध करण्याचा सरकारी कारखाना आहे. आणि ऑक्टोबर २०२४मध्ये भोपाळजवळच्या बगरोदा औद्योगिक क्षेत्रातील एका कारखान्यातून नऊशे किलोंच्या वर मेफेड्रोन पकडले गेले. तरुण मंडळी ज्याला एमडी म्हणतात तेच हे. तो माल काही आडनावे विचारून विकला जाणार नव्हता.

व्यसनाला आपण आणखी एका शब्दाने झाकतो. तो शब्द 'शौक'. निवृत्त काकांचा संध्याकाळचा पेला शौक, आजोबांचा तंबाखूचा बार शौक, महाशिवरात्रीची भांग तर प्रसादच. भांग ही गांजाच्याच झाडाची पाने. अमली पदार्थांच्या १९८५च्या कायद्याने गांजाच्या व्याख्येतून पाने वगळली, म्हणून ती राजरोस मिळते. ज्याला हे हौसेने घ्यायचे आहे त्या प्रौढाशी आमचे भांडण नाही. भांडण आहे ते याच्याशी की, त्याच घरातील सोळा वर्षांच्या मुलाला 'शौक' आणि 'व्यसन' यांतील सीमारेषा कोणी दाखवलेली नसते. त्याने ती काकांच्या वयावरून ओळखावी अशी अपेक्षा असते. मध्य प्रदेशाने एप्रिल २०१२मध्ये, देशात सर्वांआधी, गुटख्यावर बंदी घातली. त्यावर तोड म्हणून पानमसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत मिळू लागली. दोन पुड्या एकत्र करण्याइतके रसायनशास्त्र आठवीतल्या मुलालाही येते.

आता वयाचा मुद्दा. सुधाकर हा पदवीधर, विवाहित, कर्ता पुरुष आहे. त्याची घसरण आपल्याला दिसते कारण ती उंचावरून होते: सनद, अशील, घर, बायको, मूल. पंधरा-सोळाव्या वर्षी घसरणाऱ्या मुलाजवळ घालवण्यासारखे यांतले काहीच नसते, म्हणून त्याचे घसरणे कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. त्याचे शरीरही तरुण असते. यकृत बोलत नाही, हात थरथरत नाहीत. झोकांडी खाणारा दारुडा हेच चित्र डोळ्यांपुढे असलेल्या पालकाला हा मुलगा कसा ओळखू यावा? आणि नेमके हेच वय सर्वांत धोक्याचे. आवेगाला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत पक्व होत राहतो. अमेरिकेत ग्रांट व डॉसन या संशोधकांनी १९९७ साली दाखवून दिले की, पंधराव्या वर्षाआधी दारूला सुरुवात करणाऱ्यांत दहापैकी चार जण पुढे केव्हा तरी तिच्या अधीन झाले होते. विशीनंतर सुरुवात करणाऱ्यांत हे प्रमाण दहात एक होते. यात कारण कोणते आणि परिणाम कोणता याविषयी वाद आहेत. पण 'आता घेऊन पाहील, मोठा झाला की सोडील' या आपल्या लाडक्या समजुतीला त्या आकड्यांत कसलाच आधार नाही.

आपल्याकडचेही आकडे पाहू. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने सामाजिक न्याय मंत्रालयासाठी केलेली देशव्यापी पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. १० ते ७५ वयोगटात सुमारे १६ कोटी लोक दारू घेतात आणि सव्वादोन कोटी लोक अफूजन्य पदार्थ घेतात, हे तिचे आकडे वर्तमानपत्रांतून आलेच होते. आम्हांस अस्वस्थ केले ते एका लहान आकड्याने. पंक्चरचे सोल्यूशन, व्हाइटनर, थिनर असे पदार्थ हुंगण्याचे प्रमाण प्रौढांत शेकडा ०.५८ आणि १० ते १७ वयाच्या मुलांत शेकडा १.१७ आढळले. बाकी कोणत्याही पदार्थात मुले प्रौढांच्या पुढे नाहीत. या एकात मुले पुढे. हे पदार्थ सायकलच्या दुकानात आणि कार्यालयाच्या कपाटात असतात. येथे तळीराम लागतच नाही. आणि हुंगण्याने हृदयाची लय बिघडून पहिल्याच खेपेस मृत्यू येऊ शकतो, म्हणजे 'एकदाच करून पाहिले' हेही येथे सुरक्षित नाही.

मग ओळखावे कसे? आमचे पहिले सांगणे असे की एकट्या लक्षणावर विश्वास ठेवू नये. मुलगा चिडतो, दार लावून बसतो, उशिरा उठतो, आईशी बोलत नाही. एवढ्यावरून व्यसन ठरवले तर या देशातला एकही मुलगा सुटणार नाही. पाहावयाचा असतो तो बदल, एकापेक्षा अधिक ठिकाणी एकाच वेळी झालेला आणि आठवड्यांनंतरही न ओसरलेला. तबला वाजवणारा मुलगा तबल्याला हात लावीत नाही. क्रिकेटचे जुने मित्र घरी येईनासे होतात आणि नवे मित्र फाटकाबाहेरूनच मोटारसायकलचा हॉर्न वाजवतात. पैसे पुरत नाहीत, आणि हिशेब विचारला की पुस्तके, झेरॉक्स, फी असे उत्तर तयार असते. खोलीत उदबत्ती लागू लागते, जी यापूर्वी देवासमोरही लावली नव्हती. खिशात डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली सापडते. गांजाने डोळे लाल होतात, ते थेंबांनी निवळतात. अफूजन्य पदार्थात उलट बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते. आणि तो पदार्थ मिळाला नाही की नाक गळते, जांभया येतात, अंग मोडून येते, पोट बिघडते. घरातले म्हणतात, हवामान बदलले. कोडीनयुक्त खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या कपाटामागे निघतात आणि घरात कोणाला खोकला नसतो. आजीच्या झोपेच्या गोळ्या मोजून ठेवलेल्या असून कमी भरतात. ओठांभोवती पुरळ येते, रुमालाला रंगाच्या दुकानासारखा वास येतो. गुटख्याच्या मुलाचे तोंड पुरते उघडत नाही, तिखट सोसत नाही; ती तर कर्करोगाच्या वाटेवरची खूण होय. मुलीच्या बाबतीत यांतले काहीही दिसले तरी मनात आणणेच पाप समजले जाते, म्हणून तिची अवस्था मुलाहूनही उशिरा कळते.

ही लक्षणे पदार्थाच्या वापराची. वापर आणि अधीनता यांत फरक आहे, आणि तो समजणे हे ओळखण्याचे खरे काम. किती घेतो हा प्रश्न दुय्यम. नुकसान समोर दिसत असूनही थांबवता येते का, हा मुख्य. बॉस्टनच्या बालरुग्णालयातील डॉक्टरांनी १९९९ साली किशोरांसाठी सहा साधे प्रश्न तयार केले, ते आज जगभर विचारले जातात. नशेत असलेल्याने चालवलेल्या वाहनात बसलास का, किंवा स्वतः चालवलेस का? मन हलके व्हावे वा मित्रांत मिसळता यावे म्हणून घेतोस का? एकटा असताना घेतोस का? त्या वेळी काय केले ते नंतर आठवेनासे झाले का? घरच्यांनी वा मित्रांनी कमी कर म्हटले का? त्यामुळे कधी अडचणीत आलास का? दोन उत्तरे होकारार्थी आली तर जाणकाराकडे न्यावे. यांत संगतीचा प्रश्न नाही, घराण्याचा नाही, किती पैसे उडवले हाही नाही. आमच्या मते सर्वांत बोलका प्रश्न एकटेपणाचा आहे. मित्रांच्या घोळक्यात घेतलेली बिअर आणि रात्री दोन वाजता गच्चीवर एकट्याने ओढलेला गांजा या एकाच पायरीवरच्या गोष्टी नव्हेत. दुसरीच्या मागे बहुधा काही दुखत असते. नापास झाल्याची लाज असेल, निराशेचा आजार असेल, कोणी केलेला छळ असेल. सुधाकराची सनद आठवावी.

हे प्रश्न विचारावयाचे कोणी? आपल्याकडे वडील विचारतात ते चपराक मारून आणि आई विचारते ती शपथ घालून. दोहोंचे उत्तर एकच येते: 'नाही.' झाडाझडती घेऊन पुरावा मिळतो, पण मुलगा मिळत नाही. नशेत असताना विचारू नये, पाहुण्यांसमोर विचारू नये, 'तू' या शब्दाने सुरुवात करण्याऐवजी आपण काय पाहिले ते सांगावे आणि मग गप्प बसावे; या गप्प बसण्यालाच आपल्या घरांतील कर्त्या माणसांना फार प्रयास पडतात. मामा, आत्या, मोठा चुलतभाऊ यांच्याजवळ मूल लवकर बोलते. एकत्र कुटुंबाचा अभिमान आपण वाहतो, त्याचा उपयोग कधी तरी करावा.

यावर आपला ठेवणीतला उपाय म्हणजे लग्न. 'जबाबदारी पडली की सुधारेल.' मुलगा तेवीस-चोवीसचा झाला, लक्षणे चोरण्यापलीकडे गेली, की मुलगी पाहणे सुरू होते; आणि ती शक्यतो माळव्याबाहेरची, खानदेश-वऱ्हाडातली पाहतात, म्हणजे चौकशी होण्याची भीती नको. येथे आपली दुसरी आवडती व्यक्ती प्रवेश करते. मरतानाही नवऱ्याचा अपराध झाकणाऱ्या सिंधूसाठी आपण आसवे गाळली. ती आसवे खरी होती हे आम्ही नाकारीत नाही. परंतु ज्या समाजात सिंधू ही शोकांतिका न राहता उपचारपद्धती होऊन बसते, तेथे त्या आसवांविषयी शंका येऊ लागते. दुसऱ्याच्या मुलीला औषध म्हणून घरात आणणे या कृत्याला आमच्याजवळ एकच शब्द आहे: फसवणूक.

हा विषय साहित्यविषयक पत्रिकेचा नव्हे, असेही काही जण म्हणतील. त्यांना पुण्याची आठवण करून द्यावीशी वाटते. अनिल अवचटांनी गर्दविषयी लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंनी एक लाख रुपये देऊ केले, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात 'मुक्तांगण' सुरू झाले. मनोविकारतज्ज्ञ डॉ. सुनंदा अवचट यांनी ते उभे केले. १९९७ साली त्या गेल्या, २०२२च्या जानेवारीत अनिल अवचटही गेले, संस्था चालूच आहे. पुलंनी विनोद सोडून या भानगडीत कशाला पडावे, असे त्यांना कोणी विचारल्याचे आम्ही वाचलेले नाही. एका लेखमालेने जे घडले त्याचा शतांशही आपल्या स्मरणिकांतून का घडू नये?

कायद्याची भीती हेही एक निमित्त सांगितले जाते. 'पोलिसांत जाईल, नोकरी जाईल.' अमली पदार्थांच्या कायद्यातील ६४-अ हे कलम मुद्दाम वाचावे: अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी आपखुशीने सरकारी वा सरकारमान्य संस्थेत उपचार घेऊन ते पूर्ण करील, तर त्याच्यावर खटला चालत नाही. याउलट अल्पवयीन मुलाला दारू, तंबाखू वा अमली पदार्थ देणाऱ्याला २०१५च्या बाल न्याय कायद्याने सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकण्यास २००३च्या कायद्याने मनाई आहे. आपल्या मुलांच्या शाळेसमोरची टपरी किती पावलांवर आहे ते प्रत्येकाने स्वतः मोजावे. मात्र उपचाराच्या नावाखाली मुलाला कोंडून मारहाण करणारी 'नशामुक्ती केंद्रे' निघाली आहेत, त्यांपासून सावध राहावे. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनाधीनतेचे विकार येतात; साखळदंडाने बांधण्यास त्यात बंदी आहे. मनोविकारतज्ज्ञ येतो का, नोंदणी आहे का, मुलाला भेटू देतात का, हे विचारल्याशिवाय पैसे भरू नयेत. दीर्घकाळ रोज दारू घेणाऱ्याने ती घरच्या घरी एकाएकी बंद करणेही धोक्याचे आहे. झटके येतात, भ्रम होतो, तेव्हा डॉक्टर हवाच. अफूजन्य पदार्थ सोडून परतलेल्या मुलाने पुन्हा जुन्याच मात्रेने घेतले तर जीव जातो, कारण शरीराची सवय मोडलेली असते. म्हणून 'बरा होऊन आला' त्यानंतरचे महिने अधिक जागरूकतेचे.

मोबाइलवरील पैशाच्या खेळांविषयी स्वतंत्रपणे लिहावे लागेल. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने ते बंद करणारा कायदा केला, एवढीच येथे नोंद.

त्याच २०१९च्या पाहणीत आणखी एक आकडा आहे. दारूच्या पूर्ण अधीन झालेल्या ३८ माणसांपैकी केवळ एकाला कोणता तरी उपचार मिळाल्याचे आढळले. उरलेल्या ३७ घरांत काय सांगितले जात असेल याची कल्पना आपण करू शकतो. तीच वाक्ये आपणही बोलतो. आपली मंडळे गणेशोत्सवात दहा दिवस कार्यक्रम करतात. त्यांतली एक संध्याकाळ इंदूरच्या एखाद्या मनोविकारतज्ज्ञाला द्यावी, पालकांना एका दालनात आणि मुलांना दुसऱ्या दालनात बसवावे, प्रश्न चिठ्ठीवर घ्यावेत, म्हणजे नावाचा प्रश्न उरणार नाही. राष्ट्रीय व्यसनमुक्ती मदतवाहिनीचा क्रमांक १४४४६ आहे आणि मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानसचा १४४१६, दोन्ही निःशुल्क. उत्सवाच्या पत्रिकेत मागच्या पानावर आपण मंगल कार्यालयांच्या आणि सराफांच्या जाहिराती छापतो. त्यांच्या खाली हे दोन क्रमांक छापण्यास एक ओळ पुरते.